गोचिडाची थुंकी आणि आईचा घोर

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शनिवारी शाळेबरोबर रानात फिरायला गेला होता. रविवारी रात्री झोपवताना त्याच्या कानामागे तिळाएवढं काळसर काहीतरी दिसलं. खपली वाटली म्हणून नख लावलं तर पाय हलले! सासूबाई म्हणाल्या, तेल लाव, गुदमरून सुटेल. ह्यांनी जळती काडी टेकवली. शेवटी मीच नखांनी ओढून काढला आणि घाबरून दोन नखांत चिरडला, तर रक्त उडालं. त्याचं तोंड आतच राहिलंय असं वाटतं. डॉक्टरांनी जागा पाहिली आणि म्हणाले, आत्ता औषध नको, महिनाभर ताप येतो का बघा. मी रात्रभर मोबाइलवर वाचत बसले. कुठे लिहिलंय की 15 मिनिटांत विषाणू अंगात जातो, कुठे लिहिलंय की 36 तास काही होत नाही. खरं काय? आमच्या राणीच्या, म्हणजे कुत्रीच्या, अंगावरही गोचीड सापडले. घरात सगळे म्हणतात तिला देऊन टाका. आणि एवढासा किडा इतके आजार आणतो तरी कुठून?

झोप उडालेली आई

प्रिय ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या. तुमचे डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे, आणि राणीला कुठेही देऊ नका. आता निवांत लिहितो. मी जनावरांचा डॉक्टर, गोचीड हा माझ्या उभ्या नोकरीतला सोबती. माणसाच्या औषधपाण्यात शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुमचा सगळ्यात शेवटचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. त्याचं उत्तर हाती आलं की 15 मिनिटं आणि 36 तास हे दोन्ही आकडे खरे कसे, तेही आपोआप उलगडेल.

आधी एक दुरुस्ती. गोचीड हा किडा नाही, तो कोळी-विंचवांच्या गोतातला. मोठ्याला आठ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा. त्याला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही, आणि तो झाडावरून डोक्यावर टपकत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून वाट बघत बसतो. त्या पायांवर एक बारीकसा अवयव असतो, त्याने त्याला येणाऱ्याचा श्वास, ऊब आणि वास कळतो. अंग घासून गेलं की तो पकडतो आणि मग मऊ, झाकलेली जागा शोधत वर चढतो. कानामागे सापडला तो असाच चढत गेलेला.

डास पाकीटमारासारखा असतो, क्षणात काम उरकून पसार. गोचीड बिऱ्हाड थाटतो. कठीण पाठीच्या जातींची पिल्लं तीन-चार दिवस रक्त पितात, मोठी मादी आठवडाभर किंवा जास्त. तोंडाशी कात्रीसारखे दोन अवयव असतात, त्यांनी कातडी कापायची आणि उलट्या काट्यांची सोंड आत सारायची. बऱ्याच जाती वर सोंडेभोवती चिकट पदार्थ सोडतात, तो सिमेंटसारखा घट्ट होतो. ‘गोचिडासारखा चिकटलाय’ हे आपण उगाच म्हणत नाही. आत सुईसारखं थेट शिरेत वगैरे काही जात नाही. बारीक रक्तवाहिन्या फुटून कातडीत रक्ताचं डबकं तयार होतं आणि त्यात तो आळीपाळीने दोन कामं करतो. रक्त ओढतो, लाळ सोडतो. पुन्हा ओढतो, पुन्हा सोडतो.

ही लाळ म्हणजे एक अख्खं औषधाचं कपाट आहे. दुखू नये, खाज सुटू नये, रक्त गोठू नये आणि शरीराच्या संरक्षक पेशींनी तिथे धाव घेऊ नये, या सगळ्याची सोय तिच्यात असते. म्हणून तुमच्या मुलाला काहीच जाणवलं नाही. तो निष्काळजी नव्हता, त्याला कळू नये अशीच योजना होती.

पण खरी मेख पुढे आहे. रक्तात बहुतेक पाणीच असतं. मादी पोटभर पिऊन मूळ वजनाच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त फुगते, तेव्हा एवढं पाणी ठेवायचं कुठे? कठीण पाठीचा गोचीड ते जादा पाणी आणि क्षार लाळग्रंथींतून परत यजमानाच्याच अंगात टाकतो. म्हणजे आपल्या रक्तातलं सत्त्व काढून घेऊन उरलेलं पाणी आपल्यालाच परत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा गोचिडाच्या उद्धटपणाचं कौतुकच वाटलं होतं. रोगजंतूंच्या दृष्टीने मात्र हा राजमार्ग आहे. जो जंतू लाळग्रंथीपर्यंत पोचला, त्याला पुढे दिवसचे दिवस कोणीतरी आयतं आत ढकलत राहणार.

आता तुमचे दोन आकडे. चावलेल्या गोचिडात जंतू असलाच, तर तो त्या क्षणी गोचिडाच्या कुठल्या भागात दबा धरून आहे, यावर सगळा हिशेब ठरतो.

36 तासांची गोष्ट आहे लाइम आजाराची. तो मुख्यतः उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाच्या थंड भागांतला. त्याचा मळसूत्रासारखा जिवाणू 1981 मध्ये शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या पोटात दिसला. पोटात, हे लक्षात ठेवा. उपाशी गोचिडात हा जिवाणू आतड्याच्या आतल्या बाजूला चिकटून असतो, जवळजवळ झोपलेला. ऊन रक्त येऊन पडलं की त्याला जाग येते. तो अंगावरची प्रथिनं बदलतो, म्हणजे पोटाला धरून ठेवणारा सदरा उतरवतो आणि प्रवासाचा घालतो. मग संख्येने वाढतो, आतड्याच्या भिंतीतून निघतो, लाळग्रंथीत शिरतो आणि त्यानंतर आपल्यात. याला वेळ लागतो. म्हणून 24 तासांच्या आत गोचीड काढला तर लाइमची शक्यता फार कमी राहते.

15 मिनिटांची गोष्ट पोवासन विषाणूची. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात त्या नावाचं गाव आहे, 1958 मध्ये तिथल्या एका मुलाच्या आजारातून हा सापडला. तो पोटात झोपून राहत नाही. गोचीड चावायला येतो तेव्हा विषाणू आधीच लाळग्रंथीत तयार बसलेला असतो, आणि पहिल्या थुंकीबरोबरच बाहेर पडू शकतो. उंदरांवरच्या प्रयोगात 15 मिनिटांत लागण झाल्याचं दिसलं होतं. युरोप-रशियातला गोचिडांचा मेंदूज्वरही याच घराण्यातला आणि तसाच घाईचा. याचा अर्थ असा नाही की दर गोचिडात हे विषाणू असतात. फार थोड्यांत असतात. पण असले तर ते थांबत नाहीत.

आता मूळ प्रश्न, जंतू येतात कुठून. गोचीड ते जन्मतः घेऊन येतो असं सहसा नसतं. बहुतेक कठीण गोचीड आयुष्यात तीनदाच जेवतात. अंड्यातून निघाल्यावर एकदा, मधल्या वयात एकदा, मोठं झाल्यावर एकदा. दर जेवणानंतर जनावर सोडून खाली पडायचं, कात टाकायची, पुढच्या जनावराची वाट बघायची. पहिलं जेवण एखाद्या उंदरावर किंवा पक्ष्यावर झालं आणि त्याच्या रक्तात जंतू असला, तर तो गोचिडाच्या पोटात जातो. तुमच्या मुलाच्या कानामागचा तिळाएवढा होता म्हणजे बहुधा मधल्या वयाचा, एक जेवण झालेला.

डासाच्या पोटात पचनाचे पाचक रस रक्तावर तिथल्या तिथे तुटून पडतात. गोचिडाचं तसं नाही. तो रक्त आतड्याच्या पेशींमध्ये घेऊन सावकाश, आठवडेच्या आठवडे पचवतो. पोटाची पोकळी त्यामानाने शांत असते, जंतूला तिथे तग धरता येतो. मग येते कात. त्या वेळी गोचिडाच्या आत जवळजवळ घर पाडून नवं बांधण्याचं काम चालतं, जुन्या लाळग्रंथी विरघळून नव्या तयार होतात. या पाडापाडीत जो जंतू जगतो तोच पुढच्या अवस्थेत जातो, आणि पुढचं जेवण दुसऱ्याच प्राण्यावर होतं. मध्ये महिने गेले तरी गोचीड उपाशी राहतो आणि जंतूही त्याच्यासोबत थांबून राहतो. मऊ पाठीच्या काही जाती तर वर्षानुवर्षं उपाशी राहतात. डुकरांच्या आफ्रिकी तापाचा विषाणू त्यांच्यात तसाच वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून मी म्हणतो, गोचीड हे जंतूंचं वाहन कमी आणि कोठार जास्त.

दुसरा रस्ता सापडला त्याची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दक्षिणेकडची गुरं उत्तरेत नेली की उत्तरेकडची गुरं पटापट मरत. गंमत अशी की दक्षिणेची गुरं स्वतः धडधाकट. गुराखी म्हणत, गोचिडांचं काम आहे. विद्वान हसत. 1889 पासून संशोधक थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य फ्रेडरिक किलबोर्न यांनी रीतसर कुंपणं घालून प्रयोग केले. दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरचे गोचीड हातांनी वेचून काढले, मग तीच गुरं उत्तरेच्या गुरांसोबत ठेवली. कोणी आजारी पडलं नाही. दुसऱ्या कुंपणात दक्षिणेचं एकही जनावर नाही, नुसते गोचीड सोडले. तिथली गुरं आजारी पडली.

पण एक कोडं राहिलंच. हा गुरांचा गोचीड सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढतो, मध्ये उतरतच नाही. मग एका गाईकडून दुसऱ्या गाईकडे रोग नेतो कोण? उत्तर निघालं, त्याची लेकरं. रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादी खाली पडते, हजारो अंडी घालते आणि मरते. रोगाचा एकपेशी जीव आईतून अंड्यात गेलेला असतो. अंडी उबायला काही आठवडे लागतात, म्हणूनच कळप येऊन गेल्यावर बऱ्याच दिवसांनी साथ यायची आणि कोणाला संबंध लागायचा नाही. 1893 मध्ये त्यांनी हे सगळं छापलं. रोनाल्ड रॉस यांना डासात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर, 1897 मध्ये. आमच्या धंद्यातले लोक हे सांगताना जरा छाती फुगवतात, तेवढं चालवून घ्या. ठिपक्यांच्या तापाचे रिकेट्सिया जंतूही असे आईकडून अंड्यात जातात. ज्यांच्यावरून ते नाव पडलं ते हॉवर्ड रिकेट्स. अमेरिकेतला हा ताप गोचिडातून होतो हे त्यांनी 1906 मध्ये दाखवलं आणि 1910 मध्ये टायफस तापाचा अभ्यास करताना त्याच तापाने गेले.

तिसरा रस्ता मला सगळ्यात चकित करतो. आपली समजूत अशी की आजारी प्राण्याच्या रक्तात विषाणू भरपूर झाला तरच गोचिडाला तो मिळेल. 1987 मध्ये गिनीपिगांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच प्राण्यावर थोगोटो विषाणू असलेले गोचीड आणि निरोगी गोचीड एकाच वेळी लावले. प्राण्याच्या रक्तात विषाणू सापडला नाही, तरी निरोगी गोचिडांना लागण झाली. एका पंगतीत बसलेल्यांनी एकमेकांना ताटावरून वाढावं तसं. शेजारी-शेजारी चावणाऱ्यांच्या लाळेने कातडीची तेवढी जागा अशी बधिर आणि बिनपहाऱ्याची केलेली असते की विषाणू कातडीतल्या पेशींमधून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. प्राणी आजारी पडायचीही गरज नाही, तो नुसता पाट मांडून देतो. मेंदूज्वराचा विषाणू रानातल्या उंदरांवर असाच फिरत राहतो.

इतकं वाचून तुमची उरलीसुरली झोप उडाली असेल, म्हणून लगेच उलटी बाजू सांगतो. गोचिडाने जंतू गिळला म्हणजे तो पसरवतोच असं मुळीच नाही. आतड्याच्या पेशीत शिरता आलं पाहिजे, तिथून बाहेर पडता आलं पाहिजे, अंगातल्या द्रवात टिकता आलं पाहिजे, लाळग्रंथीचं दार उघडता आलं पाहिजे, वर कात टाकण्यातून वाचलं पाहिजे. बहुतेक जंतू पहिल्याच दाराशी संपतात. एड्सचा विषाणू गोचिडातून पसरत नाही तो यामुळेच. ज्यांना सगळ्या किल्ल्या मिळाल्यात असे जंतू मोजके, आणि त्यातलाही प्रत्येक ठरावीक जातीच्याच गोचिडात. म्हणून ‘गोचीड चावला’ या दोन शब्दांवरून कोणालाच काही सांगता येत नाही. कुठल्या जातीचा, कुठल्या रानातला, किती वेळ होता, हे विचारावं लागतं.

आपल्याकडच्या दोन विषाणूंची नावं तुमच्या वाचनात आली असणार. एक माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलातला ताप. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या त्या जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसं तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधून काढला. पुढे सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण झाले. नावामुळे उगाच माकडं बदनाम झाली. ती आपल्यासारखीच बळी. वाहक आहे रानातला एक छोटा गोचीड, त्यातही मुख्यतः त्याची मधल्या वयाची पिल्लं, म्हणून हंगाम साधारण डिसेंबर ते मे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही ते एवढ्यासाठी की त्याच्या अंगावरून उतरलेले उपाशी गोचीड आजूबाजूलाच असतात. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही.

दुसरा क्रायमिया-काँगो रक्तस्रावी ताप. भारतात त्याचे पहिले रुग्ण 2011 मध्ये गुजरातेत नक्की झाले. याचा वाहक हायलोमा, गुराढोरांवरचा, लांब पायांचा, आणि वाट बघत न बसता भक्ष्याकडे धावत जाणारा. हा विषाणू गोचिडाच्या चाव्यातून येतो, तसाच आजारी जनावराच्या रक्तातून आणि चिरडलेल्या गोचिडातूनही येऊ शकतो. रुग्णांपैकी 10 ते 40 टक्के दगावतात, इतका तो वाईट. म्हणून नखांत चिरडणं ही तुमच्या हातून झालेली एकमेव गोष्ट जी मला खटकली. चरा पडलेल्या बोटातून किंवा हात डोळ्यांना लागून जंतू आत जायला वाट मिळते. तुमचं नख आणि तो इवलासा गोचीड यात प्रत्यक्ष धोका फार छोटा होता, त्यासाठी आता झुरू नका. पुढच्या वेळी चिकटपट्टीत गुंडाळा किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका. बाटलीवर तारीख लिहा. ताप आलाच तर डॉक्टरांना जात ओळखायला उपयोग होतो. गोचीड तपासायला पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. त्यात जंतू सापडला म्हणजे मुलाला लागण झाली असं होत नाही, आणि नाही सापडला तरी दुसरा न दिसलेला चावला नसेल कशावरून.

सासूबाईंचं तेल आणि ह्यांची काडी या दोन्हींची कल्पना एकच, गोचिडाला त्रास दिला की तो आपण होऊन सुटेल. त्याला श्वास फार कमी लागतो, तेलाखाली तो तासन्‌तास मजेत राहतो. आणि त्रास झालेला गोचीड आणखी लाळ सोडण्याची भीती असते. वर सांगितलेलं सगळं आठवा, आपल्याला नेमकी तीच नको आहे. मुलाचा कान भाजण्याची भीती वेगळीच. निमुळत्या टोकाचा चिमटा घ्यायचा, गोचिडाच्या पोटाला न दाबता अगदी कातडीलगत तोंडाशी पकडायचं आणि सरळ वर, एकाच सावकाश जोराने ओढायचं. पिळायचं नाही. चिमटा नसेल तर कागद किंवा हातमोजा मध्ये घेऊन बोटांनी चालेल, पण काढायचं लगेच. मग जागा आणि हात साबणाने धुवायचे.

तोंड आत राहिलं तर? ती नुसती सोंड, मेलेल्या काट्यासारखी. लाळग्रंथी आणि पोट दोन्ही तुम्ही बाहेर काढलेत. उकरत बसू नका, कातडी काही दिवसांत तिला बाहेर टाकते. आठवडाभर तिथे बारीकशी लाल गाठ राहिली तरी ती लाळेवरची चीड असते.

आता डॉक्टरांनी औषध का दिलं नाही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि चावल्या-चावल्या देण्यासारखं विषाणूंवर काही नाही. लाइमच्या भागात, त्याच जातीचा गोचीड 36 तासांहून जास्त चिकटलेला असेल तर काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची एक मात्रा देतात, पण ती सवलत त्या एका आजारापुरती. बाकी ठिकाणी चाव्यावर नाही, तापावर उपचार करायचा असतो. रिकेट्सियाच्या ठिपक्यांच्या तापावर तेच डॉक्सीसायक्लिन फार गुणकारी आहे, आणि संशय पक्का झाला की डॉक्टर रक्ताच्या अहवालासाठी न थांबता ते सुरू करतात. म्हणून ताप आला तर पहिलं वाक्य हेच सांगायचं, ‘अमुक तारखेला कानामागून गोचीड काढला.’ हे वाक्य न सांगितल्यामुळे रोग ओळखायला उशीर होतो, हे मी माणसांत आणि कुत्र्यांत सारखंच पाहिलंय.

माकडताप साधारण तीन ते आठ दिवसांत दिसतो, ठिपक्यांचा ताप दोन आठवड्यांच्या आत, लाइमचं पसरत जाणारं लाल वर्तुळ महिन्यापर्यंत. महिनाभर बघा असं डॉक्टर म्हणाले ते यासाठी. एकदम चढलेला ताप, जबर डोकेदुखी, अंग मोडून येणं, हातापायांच्या तळव्यांपर्यंत पुरळ, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, झोपाळलेपणा किंवा बरळणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात. ताप आल्यास घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका. एक खोड लक्षात असू द्या. माकडतापात आणि मेंदूज्वरात काही जणांचा ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं आणि मग तो डोक्याची दुखणी घेऊन परततो. बरा झाला म्हणून ताप मोजणं सोडू नका. स्क्रब टायफसचं नावही तुम्ही वाचलं असेल. त्याचा वाहक गोचीड नाही, त्याच्या गोतातली एक बारीक लाल अळी. चावल्या जागी काळी खपली हे त्याचं लक्षण. वैरी वेगळा, पण औषध तेच, आणि रानातून आल्याचं सांगणंही तितकंच कामाचं. क्वचित मुलांचे पाय लुळे पडत जातात आणि कारण निघतं केसांत दडलेली फुगलेली मादी. तो जंतू नसतो, तिच्या लाळेतलं विष असतं. गोचीड काढला की मूल बहुतेक वेळा तासा-दिवसांत उभं राहतं. म्हणून आज त्याचं सगळं डोकं एकदा कंगव्याने विंचरून बघा.

राणीचं बोलू. तिच्या अंगावरचे बहुधा तपकिरी, कुत्र्यांवरचेच गोचीड. त्यांना माणूस फारसा आवडत नाही, नाइलाज झाला तरच चावतात. मुलाला चावलेला तिच्यावरून आलेला होता की रानातला, हे आता सांगता यायचं नाही. तिला एर्लिकिया किंवा बबेसिया होऊ शकतो. हे बहुतेक कुत्र्यांचेच आजार, तुमच्या मुलाकडे जाण्याची काळजी नको. ती सुस्त असेल, जेवत नसेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर आधी तिचंच रक्त तपासा. हे तपकिरी गोचीड ठिपक्यांचा ताप मात्र माणसाला देऊ शकतात, म्हणून घर साफ करणं गरजेचं. आणि इथेच लोक चुकतात. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत आणि तिच्या अंथरुणाखाली अंडी, पिल्लं, कात टाकणारे अशा रूपात बसलेले असतात. ही जात घराच्या आत सगळं आयुष्य काढू शकते. राणीला देऊन टाकलीत तर हे सगळे उपाशी राहतील आणि मग समोर कोण उरेल, ते तुम्हीच बघा. ती घरात असणं आणि तिच्यावर औषध असणं हाच त्यांना संपवायचा मार्ग. पशुवैद्यांकडून वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध आणा, ठरलेल्या दिवशी पुन्हा द्या. अंथरूण गरम पाण्याने धुवा, थंड पाण्यात गोचीड मरतोच असं नाही. फटी झाडून बुजवा. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध तिला चुकूनही लावू नका, मांजरं त्याने मरतात.

तिच्या कानांच्या आत, पायांच्या बोटांमध्ये आणि पट्ट्याखाली रोज हात फिरवा. नवी फुगलेली मादी दिसली तर ती खाली पडायच्या आत काढा, त्या एकीबरोबर हजारो अंडी जातात.

आणि पत्राच्या मागच्या पानावर पेन्सिलीने तुम्ही विचारलंत ते, पुढच्या सहलीला पाठवू का. पाठवा. पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट, पँट मोज्यांत खोचलेली, वाटेच्या मधून चालायचं, उघड्या अंगाला गोचिडांना दूर ठेवणारं डीटचं मलम. घरी आला की कपडे थेट गरम पाण्यात, मुलगा थेट न्हाणीघरात. मग कानामागे, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे आणि केसांच्या मुळाशी उजेडात नीट बघायचं. नऊ वर्षांचा मुलगा कुरकुर करेल, करू द्या.